रिकामं बसलं की पडतं

तिला ओळखणारे सगळे तिला 'अजून थोडं' म्हणायचे, आणि ती चिडायची नाही, कारण आरोप खरा होता. दुकानात गेली की वायर अजून थोडी आखूड मिळेल का, शिंपीणबाईंकडे गेली की बाही अजून थोडी आत घेता येईल का, सगळीकडे हेच. कंजूष म्हणाल तर तसंही नाही. पाहुण्याला वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. पण एखादी गोष्ट जेवढ्यात भागते त्याहून जास्त लागते आहे असं दिसलं, की तिच्या जिवाची नुसती तडफड व्हायची. कोणी नळ पूर्ण सोडून हात धुवायला लागलं की ती तोंड फिरवून उभी राहायची. आता माणूस म्हटलं की खोड आलीच, हिची ही होती.

धंदा म्हणाल तर न बांधलेल्या घरांची चित्रं करायचा. आर्किटेक्ट नकाशे पाठवायचे, ही कंप्युटरवर भिंती उभ्या करायची, खिडकीतून ऊन आत सोडायची, सोफ्यावर उशा टाकायची, आणि मग प्रोसेसर तासन्‌तास राबून त्याचं खऱ्यासारखं चित्र शिजवायचा. शिजवणं हा तिचाच शब्द. आर्किटेक्ट लोकांना प्रत्येक चित्र काल हवं असतं. म्हणून तिने प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवलं होतं, ज्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. पळवलं की तो जास्त व्होल्टेज घेतो, जास्त व्होल्टेज घेतलं की तापतो, आणि तापला की पंखा लागतो. तर हा पंखा. या गोष्टीत कोणी दुष्ट असेल तर तो हाच.

पंखा म्हणजे छताचा नव्हे, प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला, तळहाताएवढा. पण आवाज असा की पहिल्यांदा घरी येणाऱ्याला वाटावं, शेजारी कोणीतरी भिंतीला भोक पाडतंय. काम सुरू झालं की घूं करून वर चढायचा आणि चित्र शिजेपर्यंत उतरायचा नाही. ती कानांवर मोठे हेडफोन चढवून बसायची. गाणंबिणं काही नाही, नुसते बूच म्हणून. एक चित्र शिजत असतानाच दुसऱ्याची मांडामांड चालू, त्यामुळे दिवसभर पंख्याला उसंत नाही आणि हेडफोनलाही नाही.

त्याच खोलीत समोरच्या भिंतीशी एक पलंग होता, आणि पलंगावर आई. आई काय चीज होती हे आधी सांगायला हवं. सार्वजनिक तलावावर तिने जन्मभर पोहायला शिकवलं. गावातली निम्मी माणसं तिच्या धाकाने पाण्यात उतरलेली. माइक नाही, भोंगा नाही. तलावाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या पोराला गुडघे सरळ म्हणाली, की कपडे बदलायच्या खोलीतल्या माणसांचेही गुडघे सरळ व्हायचे. बँकेत साहेब होऊन बसलेला एक बाप्या अजूनही तिला रस्त्यात बघितलं की पोट आत घ्यायचा.

त्या आवाजाला दृष्ट लागली. गळ्यात गाठ आली, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग आई बोलली तेव्हा कोणाला काही ऐकूच आलं नाही. डॉक्टरांचा दोष नव्हता, आवाजाची नस त्या गाठीला चिकटूनच होती. उरला तो थोडा वारा आणि थोडी खरखर. लिहून दाखवायला म्हणून कोणीतरी पाटी आणून दिली, तर आईने ती कपाटावर अशी भिरकावली की आजतागायत तिथेच पडून आहे. मी मुकी नाही, असं ती म्हणाली. म्हणजे ओठांवरून तसं दिसलं.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई वयाने लहान, पण कडक. त्यांनी दोनच नियम घातले. गळा ताणायचा नाही, आणि गप्प बसायचं नाही. ओरडलात तर गळा बिघडेल, बोलणं टाकलंत तर आवाज आटेल. साध्या सुरात, दिवसाउजेडी, रोज माणसाशी बोलायचं. आईने मान डोलावली आणि घरी येऊन पलंगावर बसली. घरात माणूस एकच, त्या माणसाच्या कानांवर हेडफोन, आणि मध्ये तो पंखा.

सुरुवातीला आईने खटपट केली. चहा टाकू का एवढं विचारायला ती उठून टेबलापाशी जायची, लेकीच्या खांद्याला हात लावायची. लेक एका कानावरचा हेडफोन उचलून काय म्हणायची. आई बोलायची, पंखा ते गिळून टाकायचा, लेक पुन्हा काय म्हणायची. असं दोनदा झालं की आई हात हलवायची. काही नाही, राहू दे, असा तो हात. पुढे पुढे तिने उठणंच सोडलं. मशीन बंद होईपर्यंत आईचा गळा दमलेला आणि लेकीचे डोळे मिटायला आलेले, मग कोण कोणाशी काय बोलणार. लेक मनाने वाईट होती असं अजिबात नाही. आईला औषध वेळेवर, जेवण वेळेवर, उशी डोक्याखाली. फक्त तिचं बोलणं तेवढं ऐकू येत नव्हतं, आणि तिच्या ते लक्षातही येत नव्हतं.

लक्षात आणून दिलं थेरपिस्टबाईंनी. पुढच्या तपासणीला त्यांनी आईला एक परिच्छेद वाचायला दिला आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज मागच्या वेळेपेक्षा क्षीण झाला होता. घरी कोणाशी बोलता, असं त्यांनी विचारलं. आईने लेकीकडे बोट दाखवलं.

"यांचा आवाज अजून परत येऊ शकतो," थेरपिस्टबाई लेकीला म्हणाल्या. "पण तो वापरावा लागेल. असंच चाललं तर आहे तेवढाही राहणार नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी परत येताना आई बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती, आणि ती आईकडे.

आता तुम्ही म्हणाल, मशीन हळू चालवायचं, त्यात काय एवढं. तेही केलं तिने. ओव्हरक्लॉक काढून टाकला, पंखा मवाळ झाला, पण सकाळी द्यायचं चित्र दुसऱ्या दिवशी निघालं आणि आर्किटेक्टने फोनवर जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यातून या खेपेचं काम मोठं होतं, एका आख्ख्या वसाहतीची फिरती फिल्म, फाटकातून शिरून थेट गच्चीपर्यंत. हे हातचं गेलं असतं तर मागोमाग बाकीचीही गेली असती, आणि घर चालत होतं ते त्याच कामांवर. मशीन उचलून स्वयंपाकघरात नेलं, तर वाफेने आणि तेलाने चिकट होऊन पंखा आणखीच कुरकुरायला लागला. मोठा पंखा आणून बसवला, तो मोठ्याने ओरडायला लागला.

आणि मग एकदा भांडी घासताना, नळ बारीक करता करता, तिच्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या जगाच्या नळांवर आपण डोळे वटारतो, आणि आपल्या टेबलाखालचा नळ धो धो सोडलेला. प्रोसेसर ज्या बोर्डावर बसतो, तो बोर्ड त्याला व्होल्टेज देतो ते एखाद्या मायाळू मावशीने वाढावं तसं. उपाशी राहू नये म्हणून ताटात दोन घास जास्तच. एखाद्या चिपला, म्हणजे प्रोसेसरलाच, ते खरंच लागतात, बऱ्याच जणींना लागत नाहीत. तेव्हा वेग तोच ठेवायचा आणि व्होल्टेज थोडं थोडं कापत जायचं. चिप जिथे कोलमडते त्याच्या जरा वर थांबायचं. तो तिचा सगळ्यात खालचा आकडा. आणि गंमत अशी, की व्होल्टेज जरासं उतरलं तरी उष्णता भराभर उतरते, मग पंखा आपोआप गप्प. अजून थोडं कमी होईल का, हा प्रश्न जिने जन्मभर सगळ्या दुकानदारांना विचारला, तिला तो आता चिपला विचारायचा होता. हे काम देवाने तिच्यासाठीच राखून ठेवलं असावं.

कंबर कसून ती लागली. पद्धत अशी. मशीन बंद करून चालू करायचं, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरायचं, बोर्ड जे काही देतो त्यातून एक पायरी वजा करायची. मग मशीन वर आलं की त्याच्यावर एक टेस्ट सोडायची, म्हणजे असा प्रोग्राम जो प्रोसेसरला कपड्यासारखा पिळतो. टिकला तर परत बंद, परत चालू, परत एक पायरी. आई पलंगावरून बघत असायची. लेकीच्या खांद्यांवरूनच तिला कळायचं, टेस्ट टिकली की नाही ते. एक पॉइंट तीन दोन व्होल्टपासून सुरुवात झाली होती. एक पॉइंट अठ्ठावीस, टिकला. चोवीस, टिकला. पंख्याची घूं उतरत उतरत हूं झाली. शेवटी एक पॉइंट सतरावर निळा पडदा आला आणि मशीन आडवं झालं, तेव्हा बाईसाहेब खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागल्या. तळ सापडला होता. तिने एक पायरी वर घेतली, टेस्ट जेवणापासून दिवेलागणीपर्यंत चालवली. मशीन ढिम्म हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हेडफोन न घालता कामाला बसली. आई चहाचं काहीतरी म्हणाली, आणि पंख्याने ते गिळलं नाही, नुसतं चावलं. अर्धं ऐकू आलं. दोघीही हसल्या. चित्र शिजून झालं तशी लेक मोठ्या उत्साहात बाजारात गेली, आणि पिशवी घेऊन परत येते तो पडद्यावर पासवर्ड मागणारी खिडकी. मशीन मागच्या मागे पडलं होतं आणि आपणहून उठून बसलं होतं.

तिने एक पायरी वर घेतली. टेस्ट टिकली. ती आंघोळीला जाऊन आली, मशीन पडलेलं. आणखी एक पायरी. टेस्ट टिकली. ती शेजारणीशी दारात बोलून आली, मशीन पडलेलं. तिचं डोकं फिरायची वेळ आली. भिंतीतला प्लग बदलून घेतला. शेजारणीच्या शिलाई मशीनवर संशय घेतला, त्यावरून थोडं वाजलंही. इंटरनेटवर या नादातली मंडळी जमतात तिथे विचारलं. तिथले एक जाणते होते, खरं नाव कोणाला ठाऊक नाही, सगळे त्यांना थंडोबा म्हणायचे. थंडोबांनी निकाल दिला, टेस्ट कमी पडली, अजून पिळा.

या मंडळींचा हा एक रोगच आहे. त्यांचा देव एकच, टेस्ट. मशीन जिवावर उदार होऊन राबतंय आणि टिकतंय, म्हणजे झालं, खुंटा बळकट. काम नसताना त्याचं काय होतं हे बघायला कोणी थांबतच नाही, कारण काम संपलं की माणूस उठून जातो. हीही त्यातलीच. ती अजून पिळत गेली, आणि प्रत्येक पडण्यामागे व्होल्टेज एकेक पायरी चढवत गेली. पंखा हूंवरून परत घूंवर आला. हेडफोन परत कानांवर चढले.

याच दिवसांत आई पुन्हा टेबलापाशी येऊ लागली होती. खांद्याला हात लावायची, पडद्याकडे बोट दाखवायची, काहीतरी सांगायची. लेक अर्धवट मागे वळून, थांब गं आई, टेस्ट चालू आहे, असं म्हणायची. आई हात हलवून परत जायची. फिल्म द्यायचा दिवस जवळ आला होता आणि एकदा तर पडल्यावर अर्ध्या सकाळची मांडामांड वाया गेली. लेकीने हाय खाल्ली. उद्या सगळं होतं तसं करून टाकायचं, असं तिने ठरवलं. बोर्ड देईल तेवढं व्होल्टेज, पंखा ओरडेल तेवढा ओरडू दे. एकदा शेवटची टेस्ट तेवढी बघू, म्हणून तिने ती सोडली आणि डोळे मिटून बसली. रडू येत होतं तिला, ते पंख्याखाली कोणाला ऐकू येणार नव्हतं.

पलंगाच्या उशाशी खिळ्याला आईची तलावावरची शिट्टी टांगलेली होती, लाल दोरीची. आई उठली. तिने शिट्टी काढली, पदराने पुसली, तोंडात धरली आणि फुंकली.

तलावावर एका लांब शिट्टीचा अर्थ एकच, हातातलं असेल ते सोडून सगळ्यांनी पाण्याबाहेर. लेक त्या तलावावरच वाढलेली. पंखा, हेडफोन, सगळं भेदून ती शिट्टी आत गेली आणि तिचे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले गेले. ती उठून उभीच राहिली. मग भानावर येऊन तिने हेडफोन काढले आणि टेस्ट बंद केली. पंखा हळूहळू उतरला. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं ते ऐकू आलं.

"ते काम करताना पडत नाही," आई म्हणाली. आवाज वाऱ्याचाच होता, पण शब्द न्‌ शब्द कळत होता. "तू उठून गेलीस की पडतं. रिकामं बसलं की पडतं."

तुला कसं कळलं, असं लेकीने विचारलं.

"मी बघत असते ना. दुसरं काय काम आहे मला." आईने दम घेतला. "तलावावर हातपाय आपटणाऱ्याकडे मी कधी बघत नव्हते. जो आपटतोय तो वर आहे. गप्प झाला त्याच्याकडे बघायचं." आणि मग जरा थांबून, "चार वेळा येऊन सांगितलं तुला."

आई पलंगावर टेकली आणि लेक तिच्या पायाशी खाली बसली. चार वेळा हात हललेला तिला आठवला, आणि ऐकू मात्र एकदाही आलेलं आठवेना. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. आईने थोडा वेळ थोपटलं आणि मग डोक्यावर टपली मारली, म्हणजे पुरे आता, कामाला लाग.

खरं म्हणजे आईचं बोलणं ऐकताक्षणीच तिच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. प्रोसेसर रिकामा झाला की आपणहून वेग कमी करतो आणि व्होल्टेजही खाली आणतो, झोपताना दिवा बारीक करावा तसं. ही पठ्ठी कापत होती ते सगळीकडे सारखंच, धावतानाही तेवढंच आणि झोपतानाही तेवढंच. धावताना ताटात दोन घास जास्त होते, ते कापलेले कळलेही नाहीत. झोपताना मुळात घासभरच होतं, त्यातही हिने हात घातला.

पण अंदाज खरा की नाही हे बघायला हवं. आणि रिकामेपणाची टेस्ट म्हणजे काय, तर काही न करणं. तिने व्होल्टेज परत आधीच्या खालच्या आकड्यावर नेलं, मशीन चालू केलं, आणि माउसला हात न लावता पलंगावर आईशेजारी जाऊन बसली. पंखा जेमतेम फिरत होता. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. पण नुसतं किती वेळ बघणार. आईने विचारलं, या वसाहतीच्या गच्चीवर तलाव आहे का. लेक म्हणाली आहे, पण गुडघाभर, शोभेचा. यावर आईला जे बोलायचं होतं ते बरंच होतं. गुडघाभर पाण्यात तलाव म्हणवून घेणाऱ्यांची, तो काढणाऱ्या आर्किटेक्टची आणि त्याला पोहायला शिकवणाऱ्याची तिने सावकाश, साध्या सुरात, नियमाप्रमाणे गळा न ताणता हजेरी घेतली. लेक हसून हसून लोळायची बाकी होती. आणि आई मधल्याच एका वाक्यात असताना, खोलीत कोणी हललं नसताना, पडदा काळा झाला.

"पडलं," आई म्हणाली.

दोघींनी असा आनंद केला की शेजारीण विचारायला आली, काय झालं. मशीन बंद पडलं म्हणून सांगितल्यावर ती आल्या पावली परत गेली.

पुढचं काम लेकीचं, आणि त्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या बोर्डात प्रत्येक वेगासाठी वेगळं व्होल्टेज ठरवता येतं. ही सोय तिथे पहिल्यापासून होती, कोणी तिकडे फिरकत नव्हतं एवढंच. तिने झोपेच्या वेगाला त्याचं मूळचं व्होल्टेज इमानदारीत परत दिलं, आणि धावण्याच्या वेगावर मात्र कात्री चालवली. आता प्रत्येक पायरीला दोन टेस्ट. आधी पिळायचं, मग रिकामं सोडायचं. पिळताना ती काम बघायची. रिकामं सोडलं की नियम म्हणून पलंगावर जाऊन बसायची आणि आईशी बोलायची, ठरवलेला वेळ भरेपर्यंत किंवा मशीन पडेपर्यंत. ते पडलं नाही. बोलणं मात्र रोज लांबत गेलं. वडिलांनी लग्नाआधी पोहायला येतं म्हणून कशी थाप मारली होती आणि आईने त्यांना खोल पाण्यात कसं ढकललं होतं, हे लेकीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

थंडोबांना तिने सविस्तर कळवलं. सरळ कबूल करतील तर ते थंडोबा कसले. त्यांनी आपल्याला आधीपासून तशी शंका होतीच असं लिहिलं, आणि मग हळूच विचारलं की तुम्हाला हे कुठे सापडलं. आईला, एवढंच तिने उत्तर दिलं.

मधे तपासणीचा दिवस आला. आईने परिच्छेद वाचायला घेतला आणि अर्ध्यावर थेरपिस्टबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. वाऱ्याच्या मधून स्वर येत होता. जाडाभरडा, खरखरीत, पण स्वर. घरी काय बदललं, त्यांनी विचारलं. आईने लेकीकडे बोट दाखवलं, आणि या वेळी तोंडानेही सांगितलं, ही रिकामी बसायला शिकली.

खालचा आकडा शेवटी ठरला तो एक पॉइंट पंधरा. ज्या सतरावर ते पहिल्यांदा आडवं झालं होतं त्याच्याही खाली, कारण टेस्ट संपते त्या क्षणी प्रोसेसर धाप टाकून एकदम खाली यायचा, आणि जे पडणं तिने पिळण्याच्या खात्यावर मांडलं होतं ते त्या खाली येण्याचं होतं. आता खाली आल्यावर त्याला टेकायला जागा होती. वेग तोच, तसूभरही कमी नाही. कंप्युटरचं सामान देणाऱ्या दुकानदाराला तिने आकडा सांगितला तेव्हा त्याने दोनदा विचारून घेतलं. अजून थोडं कमी होईल का, त्याने थट्टेने विचारलं. नाही, ती म्हणाली, आता पुरे. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे हा शब्द तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकला.

मग फिल्म शिजायला घातली. एक-दोन चित्रं नाहीत, आख्खी वसाहत, फाटक, झाडं, जिने, गच्चीवरचा तो गुडघाभर तलावसुद्धा. प्रोसेसर पूर्ण वेगाने धावत होता आणि पंखा नुसता हं हं करत होता. ती खिडकीकडे तोंड करून पुढच्या कामाचे नकाशे उलगडून बसली होती. हेडफोन खिळ्याला, शिट्टीच्या शेजारी.

"अगं, गॅस बंद केलास का?"

"हो," ती म्हणाली आणि पुढच्या नकाशावर खूण करायला पेन्सिल टेकवली.

पेन्सिल तिथेच राहिली. खांद्याला हात लागला नव्हता. पलंग कुरकुरला नव्हता. आईने विचारलं होतं, खोलीच्या त्या टोकाहून, बसल्या जागेवरून, आणि आपण मागे वळूनही न बघता उत्तर दिलं होतं, जगात सगळ्या घरांमध्ये देतात तसं. मशीन अजून भर वेगात होतं. पडद्यावर वसाहतीचा जिना एकेक पायरी उजळत चालला होता. आपण जिंकलो, असं तिला वाटलं, आणि तसं ती मोठ्याने म्हणालीही. मग ती वळली.

आई तिच्याकडे रोखून बघत होती, पोट आत घ्यायला लावणाऱ्या त्या नजरेने.

"उठून बघून ये."

ती स्वयंपाकघरात गेली. गॅस चालूच होता, पातेल्यातलं पाणी आटून तळ लाल व्हायला आला होता. तिने तो बंद केला आणि परत आली. आईची तोवर सुरुवात झाली होती. लक्ष कुठे असतं, लहानपणापासून हेच, एवढी मोठी घोडी झाली तरी, वडिलांवरच गेली आहेस. एकही शब्द वाया जात नव्हता. ती दाराला टेकून उभी राहिली, आणि आई थांबेपर्यंत तिने ते सगळं ऐकून घेतलं.